कन्हानवाली आणि उमरेडवाली

आमच्या बालगृहात प्रत्येक मुलाला नाव असायचं, पण ते रजिस्टरात. बोलताना मूल जिथे सापडलं त्या गावावरून त्याला हाक मारायची पद्धत होती. कामठीवाला, बुटीबोरीवाली, स्टेशनवाला. मी नवीन होते तेव्हा मला हे फार कठोर वाटलं होतं. मग एका आयाबाईने सांगितलं, "नाव घेऊन बोलावलं न बाई, अन् ते लेकरू गेलं, तं मंग ते नाव दुसऱ्याले ठेववत नाही." वर्षभरात मीही तशीच बोलायला लागले.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. आम्ही कोष्टी. घरी हातमाग होता, पण मागावर पोट भरेना म्हणून वडील गिरणीत लागले होते. फी माफ होती म्हणून मी मिशनच्या शाळेत शिकले, पुढे नर्सिंगचा छोटा कोर्स केला. ही नोकरी मला नर्सिंगपेक्षा इंग्रजीमुळे मिळाली. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. परदेशातली जोडपी आपल्याकडची अनाथ मुलं न्यायला लागली होती आणि त्यांच्या पत्रांना उत्तरं लिहायला कोणीतरी हवं होतं. बालगृह नागपुरात प्रताप नगरच्या बाजूला होतं. तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे शेतं आणि एक नाला, एवढंच.

कन्हानवाली आमच्याकडे आली तेव्हा पंधरा-वीस दिवसांची असेल. कन्हान स्टेशनच्या बाकावर कोणीतरी तिला ठेवून गेलं होतं. अंगावरच्या फडक्यात कोळशाची पूड होती, ती तिच्या मानेच्या वळ्यांतून निघायला तीन अंघोळी लागल्या. आणि अंघोळीचं तर तिला वैरच होतं. पाणी अंगाला लागलं की अशी किंचाळायची की ओठ निळे पडायचे. डाव्या कानाची वरची कड दुमडलेली होती, पुस्तकाचं पान दुमडावं तशी. मी ती रोज बोटाने सरळ करायची, ती परत दुमडायची.

तिचा फोटो स्वीडनला गेला आणि एका जोडप्याने तिला मागितलं. परदेशी माणसांना मूल नेण्यासाठी आधी कोर्टाकडून त्याचं पालकत्व घ्यावं लागे. वकील, तारखा, हुकूम, मग पासपोर्ट. यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत ती बाई दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायची आणि मी उत्तर द्यायची. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच शाळेत शिकलेलं, त्यामुळे आमचं जमायचं. ती बारीकसारीक विचारायची. कुशीवर वळते का? रात्री किती वेळा उठते? मी लिहायची: आज पहिला दात दिसला. आज अंघोळीला इतकी रडली की शेजारची गाय बिथरली. ती लिहायची की फोटोतला तो दुमडलेला कान तिच्या नवऱ्याला फार आवडतो, त्याने फोटो स्वयंपाकघरात लावला आहे.

हुकूम झाला एप्रिलच्या शेवटी. ते मे महिन्यात निघाले. मी बाईंना म्हटलं होतं, त्यांना जुलैत यायला सांगू या, हे ऊन त्यांना सोसणार नाही. बाई म्हणजे आमच्या अधीक्षक. पन्नाशीच्या, विधवा, वीस वर्षं बालगृह चालवत होत्या. त्या म्हणाल्या, "ऊन त्यांना सोसेल. मुलांना सोसत नाही. जितक्या लवकर नेतील तितकं बरं."

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ जळते दिवस, सुरू झाला आणि मुलांना जुलाब लागले. दर उन्हाळ्यात लागायचे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून मारून आयाबाईंचे हात दुखायचे, तरी खोली तापलेलीच. एका आठवड्यात सात मुलं आजारी पडली. कन्हानवाली शनिवारी आजारी पडली. मीठ-साखरेचं पाणी मी तिला चमच्या-चमच्याने पाजत होते, ते तितकंच बाहेर यायचं. रविवारी टाळू खोल गेली. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. सोमवारी दुपारी मी तिचं तोंड ओल्या कापसाने पुसत होते. तिने रडायचं सोडून दिलं होतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी उगाच पुसते आहे.

त्याच संध्याकाळी आमचा चौकीदार आणि एक आयाबाई तिला नाल्याकाठच्या मसणवटीत पुरून आले. मी गेले नाही. उरलेल्या सहा मुलांना पाणी पाजायचं होतं.

मंगळवारी सकाळी बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं.

"गुरुवारी ते येणार," त्या म्हणाल्या. "हुकूम आहे, पासपोर्ट आहे. सगळं तयार आहे."

"पण बाई, मूलच..."

"मूल आहे. उमरेडवाली आहे. महिनाभराने लहान आहे, रंग तोच. पासपोर्टवरच्या फोटोतलं तान्हं मूल कोण ओळखतं?"

मला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, "ते मुंबईला उतरलेत. हॉटेलचा पत्ता आहे आपल्याकडे. ट्रंक कॉल लावून त्यांना सांगू. ते स्वतःहून दुसरी घेतीलही."

"घेतील. मग नवा अर्ज, नव्या तारखा, नवा हुकूम. पुन्हा आठ महिने. समोर सहा मुलं पडलीयेत, पाहते आहेस ना? आठ महिन्यांनी उमरेडवाली असेल, अशी खात्री तू देतेस?"

मी टेबलावरच्या पासपोर्टकडे पाहत राहिले.

"मला वाईट समजू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम थकलेला आला. "एक गेली. गेलेलीसाठी मी जिवंत असलेलीचं नशीब बुडवणार नाही. त्या बाईलाही रिकाम्या हातांनी परत पाठवणार नाही. तू फक्त हो म्हणत जा."

गुरुवारी सकाळी त्यांना घ्यायला मी स्टेशनवर गेले. ते दोघे गाडीतून उतरले तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता. उंच, हडकुळी, माझ्या आईच्या वयाला टेकलेली बाई. मला वाटत होतं त्यापेक्षा बरीच मोठी. तिने मला लगेच ओळखलं, दोन्ही हात धरले, आणि मोटारीत बसल्याबसल्या पहिला प्रश्न केला, "चौथा दात आला का?"

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की चौथा दात येऊ घातला आहे. उमरेडवालीला दोनच दात होते.

"अजून नाही," मी म्हटलं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "एक पडला. धक्का लागून." तिने घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या भाषेत दोघं काहीतरी बोलले. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

उमरेडवालीला मी सकाळीच तयार केलं होतं. त्यांनी पाठवलेला पिवळा फ्रॉक तिला थोडा मोठा होत होता. ती फार शांत मूल होती. कोणाकडेही जायची, कोणीही घेतलं की हसायची. नवऱ्याने तिला घेतलं आणि तो रडायलाच लागला. इतका मोठा पुरुष असा उघड रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. बायकोने मात्र तिला मांडीवर बसवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि केस मागे सारून डावा कान पाहिला. मग उजवा पाहिला.

"कान सरळ झाला," ती म्हणाली.

बाई मराठीत म्हणाल्या, "तिला सांग, वाढत्या वयात कान सरळ होतात."

मी सांगितलं. तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. चहा झाला, फोटो झाले. ते दोघे आमच्याच पाहुण्यांच्या खोलीत राहणार होते. शनिवारची गाडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात आली. म्हणाली, "आज मी तिला अंघोळ घालते. तू मला दाखव." आयाबाईने पाणी विसणलं. मी उमरेडवालीला पाटावर धरलं आणि त्या बाईने तांब्याने पाणी ओतलं. उमरेडवाली खिदळली. दोन्ही हातांनी पाणी उडवलं, त्या बाईच्या झग्यावर उडवलं, माझ्या तोंडावर उडवलं. पाणी थांबलं की तांब्याकडे हात करायची.

ती बाई तांब्या धरून तशीच बसली. मग तिने तो खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दुसरी कुठे आहे?" तिने विचारलं. "जी रडते, ती."

तिने ओरडून विचारलं असतं तर कदाचित मी खोटं बोलू शकले असते. बाईंनी मला काय सांगायचं ते दोनदा पढवलं होतं. पण ती माझ्याशी पत्रातल्यासारखंच बोलत होती, हळू, शब्द शोधत. मी म्हटलं, "ती गेली."

"कुठे गेली?"

"वारली."

"कधी?"

"सोमवारी."

"सोमवारी आम्ही मुंबईत होतो," ती म्हणाली. "हॉटेलात फोन होता." एवढंच बोलून ती ओल्या हातांनी उठली आणि बाहेर गेली. उमरेडवाली तांब्याकडे हात करत होती. आयाबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण तिला सगळं समजलं होतं. ती म्हणाली, "काहून सांगतलं वं बाई? एवढी चांगली चाल्ली होती पोट्टी."

त्यांनी मला ते ठिकाण दाखवायला सांगितलं. बाई ऑफिसातून बाहेर आल्या नाहीत. चौकीदार, ते दोघे आणि मी असे उन्हातून शेताच्या बांधाने गेलो. ती डोक्यावर काही न घेता चालत होती, मी माझा पदर तिच्यावर धरायला गेले तर तिने हात बाजूला केला. मसणवटीत लहान मुलांची जागा एका कडेला होती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी बाभळीचे काटे टाकून ठेवलेले. त्या आठवड्यात दुसऱ्याही कोणाकोणाची मुलं गेली असणार, कारण ताजे उंचवटे पाच-सहा होते. चार दिवसांच्या गरम वाऱ्याने सगळे सारखेच झाले होते. चौकीदार एकापाशी थांबला, मग दुसऱ्यापाशी गेला, परत आला.

मी त्याला हळूच विचारलं, "कोणतं?"

"आता कसं सांगू बाई? अंधारून आलं होतं." मग त्या दोघांकडे पाहून त्याने एका उंचवट्याकडे हात केला. "हे होय. हेच."

ती तिथे बसली. काटे बाजूला करून तिने मातीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. माती भाजत असणार. तासाभरापूर्वी खरं बोललेली मी, इथे गप्प राहिले. यातलं कोणतं बरोबर होतं ते मला आजही सांगता येत नाही.

परत आल्यावर दुपारभर त्यांच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येत होता. संध्याकाळी नवरा व्हरांड्यात आला. त्याचं इंग्रजी तिच्यापेक्षा मोडकं होतं. तो म्हणाला, "मला ही मुलगी चालेल. मी तिला धरलं आहे. पण कागद दुसरीचे आहेत. आमच्याकडे हे कोणाला कळलं तर तिला परत पाठवतील, आणि आम्हाला शिक्षा होईल. आणि माझी बायको..." त्याला शब्द सापडेना. मग त्याने मराठी माणसासारखा नुसता हात हलवला.

रात्रीच्या जेवणाआधी ती माझ्याकडे आली. मी मुलांचे लंगोट घड्या करत होते. ती शेजारी बसून घड्या करू लागली. म्हणाली, "मला या मुलीचा राग नाही. पण मी तिला हाक मारीन तेव्हा दुसरीच्या नावाने मारावी लागेल. जन्मभर. मला ते जमणार नाही."

मी म्हटलं, "नवीन अर्ज करता येईल. मी सगळं लिहीन. तुम्ही फक्त हो म्हणा."

"मी घरी गेल्यावर लिहीन," ती म्हणाली.

शनिवारी ते गेले. निघताना नवऱ्याने उमरेडवालीला पुन्हा उचललं आणि तिने त्याचा चष्मा ओढला. तो त्याने तिच्या मुठीतून सोडवला आणि तिला आयाबाईकडे दिलं. ती बाई आधीच मोटारीत जाऊन बसली होती.

बाई मला काढून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी काढलं नाही. त्या दिवशी त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "तुझं मन मोकळं झालं ना? आता हिचं काय करायचं ते मला सांग." आणि उमरेडवालीला माझ्या मांडीवर ठेवून गेल्या.

मी त्या संध्याकाळी घरी गेले. वडील पाळीवरून येऊन हातपाय धूत होते. मला पाहून म्हणाले, "काहून रडून राहिली वं?" मी म्हटलं, एक लेकरू गेलं. त्यांना ते नवीन नव्हतं. "अजून हाये ना बाकीची," ते म्हणाले आणि आत गेले.

स्वीडनहून पत्र दोन महिन्यांनी आलं, अर्ध्या पानाचं. त्यांनी दुसऱ्या मुलाचा विचार सोडला होता. मला दोष दिलेला नव्हता. उलट मी खरं सांगितलं याबद्दल आभार मानले होते. ते पत्र मी बाईंना वाचून दाखवलं तेव्हा आभाराचं वाक्य गाळलं.

उमरेडवालीसाठी आम्ही आणखी दोन ठिकाणी फोटो पाठवले. एकाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांना मुलगा हवा होता. ती चालायला लागली, माझ्या मागेमागे फिरायला लागली. दोन वर्षांची झाली त्या पावसाळ्यात तिला ताप आला. चार दिवसांनी ताप उतरला तेव्हा डावा पाय हलेना. पोलिओ. तेव्हा आमच्या मुलांना डोस मिळत नव्हते, कोणी मागतही नव्हतं. स्वीडनमध्ये मुलांना तो होत नाही, हे मला नंतर एका डॉक्टरांच्या बोलण्यात सहज कळलं. डॉक्टर पुढे काय काय सांगत होते, ते मी ऐकलं नाही.

पायानंतर तिचा फोटो कोणाला पाठवायचा प्रश्नच उरला नाही. मी आईला विचारलं होतं, आपण आणू या का तिला घरी. आई म्हणाली, "तुहं लगन व्हायचं हाय. लोक म्हणतीन, पोट्टी हिचीच होय. मंग बस घरी दोघी." दोन वर्षांनी माझं लग्न झालं. नवऱ्याला विचारलं, तो वाईट माणूस नाही, पण म्हणाला, "आपल्याला होतीलच की." आम्हाला दोन झाली. नोकरी सुटली, त्याच्या बदलीच्या गावी गेलो. उमरेडवाली सहा वर्षांची झाल्यावर तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या अपंग मुलींच्या वसतिगृहात पाठवलं, हे मला आयाबाईकडून कळलं. मी तिथे दोनदा गेले. पहिल्या वेळी तिने मला ओळखलं. दुसऱ्या वेळी ओळखलं नाही, पण खाऊ घेतला.

मग एकदम ती सोळा-सतरा वर्षांची झाल्यावरच भेट झाली. आम्ही नागपूरला परतलो होतो. हुडकेश्वरच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह होतं, शिवण शिकवणारं. ती तिथे आहे असं ऐकून मी गेले. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, केस तेल लावून घट्ट वेणीत. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. मी कोण ते सांगितलं. तिने मान डोलावली, पण हात थांबवले नाहीत.

बोलता बोलता ती म्हणाली, "बाई, इथल्या पोरी सांगतात, त्यांना लहानपणी कोणी ना कोणी पाहायला आलं होतं. फॉरेनचे लोक. मले कोणी आलं होतं का कधी?"

नाही म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं, "आले होते." मग सगळं सांगितलं. कन्हानवालीचं, बाईंचं, अंघोळीचं, मी काय बोलले ते. चष्मा ओढल्याचंही सांगितलं. ती ऐकत होती. मध्ये एकदा दोरा तुटला, तो तिने जिभेने ओला करून सुईत ओवला.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुम्ही चूप राहाले पायजे होतं, बाई."

रागाने म्हणाली नाही. कापड आखूड पडलं असं सांगावं तशी म्हणाली. मी तिला सांगू शकले असते की ती बाई जन्मभर फसवली गेली असती, की कन्हानवालीसाठी कोणी मातीवर हात ठेवायलाही आलं नसतं. यातलं काही तिच्या पायापुढे बोलवेना. मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "चहा ठेवू का?" मी नको म्हटलं, आणि उठले.

महिन्याभराने पुन्हा गेले, तिच्यासाठी कापड घेऊन. तिची जागा रिकामी होती. वॉर्डन म्हणाली, ती एका मैत्रिणीबरोबर रायपूरकडे गेली, कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून. पत्ता ठेवलेला नव्हता. रायपूरच्या कोणत्या कारखान्यात पत्र टाकायचं? वॉर्डनने रजिस्टर उघडलं आणि मला विचारलं, कापड ठेवून जायचं असेल तर लिहून ठेवते, तुम्ही तिच्या कोण?

मी म्हटलं, ओळखीची.